अकराव्या दिवशी नेमकं काय बिघडलं?

पत्र : आम्ही चौघं आहोत, दोन मुलं शाळेत जाणारी. आठवड्यातल्या चार-पाच रात्री बाहेरून मागवलेलं फास्ट फूड आणि उरलेल्या रात्री पाकिटातले नूडल्स, असं चाललं होतं. एका शनिवारी मी घरातली सगळी पाकिटं, डबे, ब्रेड, फ्रीझरमधले मटारसुद्धा टाकून दिले आणि पिशव्या भरभरून भाज्या आणल्या. सकाळी फळं, दुपारी सॅलड, रात्री बिनमिठाच्या उकडलेल्या भाज्या. चौथ्या दिवसापासून सगळ्यांना रात्री दहाला कडकडून भूक लागायला लागली. राजमा टोमॅटोसकट चढवला, तो दोन तासांनीही टणकच. पुढे कधीतरी शिजला, तर सगळ्यांची पोटं फुगली. अर्धा पालक फ्रीजमध्ये सडला. अकराव्या दिवशी बर्गर मागवले. नवऱ्याला मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, म्हणून जास्त वाईट वाटतं. आमच्यात निग्रहच नाही का? आणि ब्रेड, चीज, टिनमधले टोमॅटो यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं?

उत्तर : निग्रहाचा प्रश्न बाजूला ठेवा. तुमच्या पत्रात चार वेगवेगळ्या चुका आहेत. प्रत्येकीला कारण आहे आणि उपायही आहे. अकरा दिवस तुम्ही चौघं जवळजवळ उपाशी राहिलात. तेवढे दिवस टिकलात यावरूनच कळतं की निग्रह भरपूर आहे.

आधी काय टाकायचं ते पाहू, कारण तुम्ही गरजेपेक्षा फार जास्त टाकलंत. ‘प्रक्रिया केलेलं’ म्हणजे वाईट, असं सरसकट नसतं. ब्राझीलमधल्या साओ पावलो विद्यापीठातले कार्लोस मॉन्टेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९च्या सुमारास ‘नोव्हा’ नावाची वर्गवारी मांडली. तिच्यात चार गट आहेत. पहिल्यात धान्यं, कडधान्यं, भाज्या, फळं, अंडी, दूध, साधं दही, आणि गोठवलेले मटारसुद्धा. दुसऱ्यात तेल, लोणी, मीठ, साखर, म्हणजे स्वयंपाकाला लागणारे घटक. या दोन गटांतले पदार्थ एकत्र करून टिकवलेले किंवा बनवलेले पदार्थ तिसऱ्यात येतात : साधं चीज, टिनमधली कडधान्यं, पीठ-पाणी-मीठ-यीस्ट एवढ्यावर भाजलेला पाव. काळजी करायची ती चौथ्या गटाची. कारखान्यात धान्याचे, तेलाचे, दुधाचे घटक सुटे करायचे आणि रंग, स्वाद, इमल्सिफायर (तेल आणि पाणी एकजीव ठेवणारे पदार्थ) घालून पुन्हा जुळवायचे, अशा रीतीने ते पदार्थ बनतात. ओळखायची खूण सोपी आहे. पाकिटामागची यादी वाचा. माल्टोडेक्स्ट्रिन, ग्लुकोज सिरप, प्रोटीन आयसोलेट, हायड्रोजनेटेड तेल, कृत्रिम स्वाद अशी स्वयंपाकघरात कधीच नसणारी नावं दिसली, तर तो पदार्थ चौथ्या गटातला.

म्हणजे टिनमधले टोमॅटो ठेवा, यादीत टोमॅटो, त्यांचा रस आणि फार तर मीठ किंवा सायट्रिक ॲसिड असेल तर. चीजही ठेवा, पण ‘चीज स्प्रेड’ किंवा ‘चीज फ्लेवर’वाला प्रकार नको. मटार परत आणा, ते टाकायलाच नको होते. टिनमधली कडधान्यं खारट पाण्यात असतात. ते पाणी ओतून दाणे नळाखाली धुतले की त्यांतलं सोडियम साधारण ४० टक्क्यांनी कमी होतं.

चौथ्या गटातलं सगळं सारखंच घातक असंही आम्ही मानत नाही. क्रम लावायचा तर सगळ्यात आधी गोड पेयं काढा. मग सॉसेज, हॅम यांसारखं प्रक्रिया केलेलं मांस. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५मध्ये ते माणसात कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाकलं. त्यानंतर चिप्स, बिस्किटं, नूडल्स. ब्रेड अगदी शेवटी. एखादा इमल्सिफायर घातलेला पण अख्ख्या गव्हाचा ब्रेड कमी खाल्ला नाहीत तरी चालेल, गोड पेयं मात्र आधी थांबायला हवीत.

आता भुकेकडे येऊ. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांच्या गटाने केलेला एक प्रयोग २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. २० प्रौढांना संस्थेतच ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं, म्हणजे चौथ्या गटातलं, आणि दोन आठवडे साधं, कमी प्रक्रियेचं अन्न दिलं. समोर मांडलेल्या ताटांत कॅलरी, साखर, मेद, तंतू, मीठ सारखंच होतं. हवं तेवढं खा, एवढीच सूचना. अतिप्रक्रिया केलेल्या आहारावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन सरासरी ०.९ किलोने वाढलं. साध्या आहारावर तेवढंच उतरलं. पहिल्या आहारावर खाण्याचा वेगही जास्त होता. मऊ, न चावता उतरणारं अन्न पोट भरल्याची जाणीव व्हायच्या आतच खाऊन होतं. शिवाय त्या आहारातले तंतू बरेचसे पेयांत मिसळून द्यावे लागले होते, म्हणजे घनपदार्थ तेवढ्याच वजनात जास्त कॅलरी भरलेले होते. हे सगळं तुमच्या घरातही घडत होतं.

तुम्ही मात्र उलट टोक गाठलंत. एक सफरचंद आणि एक केळं मिळून साधारण २०० कॅलरी. काकडी, टोमॅटो, पानांचं अडीचशे ग्रॅम सॅलड ५०च्या आसपास. उकडलेल्या भाज्या ३०० ग्रॅम घेतल्या तरी जेमतेम १००. याच्या दुप्पट खाल्लं तरी मोठ्या माणसाला ते पुरत नाही. त्यात प्रथिनं नावाला आणि तेल शून्य. दहाला भूक लागणारच.

मोठ्या माणसाच्या एका जेवणात १५० ते २०० ग्रॅम शिजवलेलं कडधान्य (किंवा दोन-तीन अंडी, किंवा १००-१२० ग्रॅम मासे वा चिकन), १५० ते २०० ग्रॅम शिजवलेलं धान्य किंवा बटाटा, तितक्याच भाज्या आणि एक मोठा चमचा तेल असू द्या. २०० ग्रॅम राजमा, २०० ग्रॅम भात, २०० ग्रॅम भाज्या आणि ते तेल मिळून जेवण ७००च्या जवळ जातं आणि २० ग्रॅमच्या वर प्रथिनं मिळतात. मुलांना याच्या अर्ध्यापासून सुरुवात करा, पुढचं त्यांची भूक सांगेल.

आणि मीठ घाला. हे आम्ही आग्रहाने सांगतो, कारण बिनमिठाच्या उकडलेल्या भाज्यांवर कोणतंही घर टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ अशी आहे. चौघांच्या रात्रीच्या जेवणात सपाट एक चहाचा चमचा, म्हणजे साधारण ६ ग्रॅम मीठ घातलं, तर माणशी दीड ग्रॅम होतं. आता नूडल्सच्या पाकिटाशी ताडून पाहा. लेबलवर सोडियम मिलिग्रॅममध्ये असतं, त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. १२०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे ३ ग्रॅम मीठ, एका वाडग्यात. घरचं मीठ आयोडिनयुक्तच वापरा. बाहेरच्या खाण्याने जिभेला खारटपणाची सवय झालेली असते आणि ती उतरायला दोन-तीन महिने जातात. तोवर लिंबू, लसूण, भाजलेलं जिरं, मिरपूड आणि नीट तांबूस परतलेला कांदा यांची मदत घ्या.

राजमा टणक राहिला तो टोमॅटोमुळे. दाण्याच्या पेशी पेक्टिन नावाच्या चिकट पदार्थाने जोडलेल्या असतात. शिजताना ते पेक्टिन विरघळलं की दाणा मऊ होतो. आंबट पाण्यात ते विरघळत नाही. म्हणून टोमॅटो, चिंच, लिंबू, व्हिनेगर, काहीही आंबट असो, दाणा पूर्ण मऊ झाल्यावरच घालायचं. जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यातलं कॅल्शियमही असंच आड येतं, आणि दोन-तीन वर्षं पडून राहिलेला माल तर काही केल्या शिजत नाही.

पद्धत अशी. २५० ग्रॅम राजमा निवडून एक लिटर पाण्यात भिजवा, त्यात १५ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट अडीच चहाचे चमचे घाला. मीठ घातलं की दाणा टणक होतो हा समज चुकीचा आहे. सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल लवकर मऊ पडते. आठ ते बारा तास भिजू द्या. हवा गरम असेल तर भांडं फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर पाणी आंबतं. मग ते पाणी ओतून द्या, दाणे धुवा, ताजं पाणी दाण्यांच्या वर तीन सेंटिमीटर येईल इतकं घ्या. कुकर अर्ध्याच्या वर भरू नका, फेस येऊन झडप तुंबते. पूर्ण दाब आल्यावर मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं ठेवा आणि दाब आपोआप उतरू द्या. घाईने काढला तर दाणे फुटतात. साध्या पातेल्यात करायचं तर आधी ३० मिनिटं खळखळून उकळा, मग मंद आचेवर तास-दीड तास. शिजलं का ते एकाच दाण्यावरून ठरवू नका. पाच दाणे काढा, पाचही बोटांत सहज चिरडले पाहिजेत. पाणी जड असेल तर पाव चहाचा चमचा खाण्याचा सोडा घाला. जास्त घातला तर साबणासारखी चव येते आणि बी-१ जीवनसत्त्व कमी होतं.

राजम्याच्या बाबतीत एक गोष्ट विसरू नका. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. ते खळखळून उकळल्यावरच नष्ट होतं. ८० अंशांच्या आसपास रेंगाळलेल्या मंद आचेने ते जात नाही, म्हणून स्लो कुकरमध्ये कच्चा राजमा कधीही टाकायचा नाही. असा राजमा खाल्ल्यावर एक ते तीन तासांत मळमळ आणि जोरदार उलट्या सुरू होतात. तुमच्याकडे नुसतं पोट फुगलं, तेव्हा ते हे नव्हे. पण ‘थोडा कचकचीत राहिला तरी चालेल’ असं यापुढे कधी म्हणू नका.

पोट फुगलं ते तंतूंमुळे आणि रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करांमुळे. त्या पचवणारं विकर (एन्झाइम) माणसाच्या लहान आतड्यात नसतं. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू होतो. पाकिटातल्या खाण्यातून तंतू फारसे मिळत नाहीत. त्यावरून एका रात्रीत वाडगाभर राजमा म्हणजे आतड्यांवर अचानक आलेलं ओझंच. पहिल्या आठवड्यात माणशी तीन मोठे चमचे, रोज किंवा एक दिवसाआड. दुसऱ्या आठवड्यात दुप्पट. मग पाऊण वाडगा. बहुतेकांचं पोट तीन-चार आठवड्यांत जुळवून घेतं. तोवर जेवणातली उरलेली प्रथिनं अंडी, दही, मासे यांतून भरून काढा. पाणी वाढवा, तंतू वाढवून पाणी न वाढवलं तर बद्धकोष्ठता होते. सुरुवात राजम्याऐवजी साल काढलेल्या मसुरीने केलीत तर आणखी सोपं जाईल. ती न भिजवता २० मिनिटांत शिजते.

पालकाचं थोडक्यात सांगतो. धुऊन ओलाच पिशवीत बांधला की पालक तीन दिवसांत चिकट होतो. न धुता, कोरड्या कापडात किंवा कागदात गुंडाळून ठेवा, आणि सफरचंद-केळ्यांपासून लांब, कारण त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने पानं पिवळी पडतात. त्याहून महत्त्वाचा आहे खाण्याचा क्रम. पालेभाजी तीन दिवसांपुरतीच आणा आणि आधी संपवा. मग फ्लॉवर, शेंगा. कोबी, गाजर, भोपळा आठवड्याच्या शेवटाला. त्याही पुढे गोठवलेले मटार आहेतच.

आता नव्याने सुरुवात कशी करायची? पहिले दोन आठवडे फक्त दोन रात्री बदला. बाकीच्या रात्री चालल्यात तशा चालू द्या. बाहेरचं खाणं मागवलं जातं ते संध्याकाळी, थकून घरी आल्यावर, शिजलेलं काहीच समोर नसतं म्हणून. तेव्हा सुट्टीच्या दिवशी दीड तास काढा. कडधान्य आदल्या रात्री भिजलेलं असेल. ते आधी चढवा, ओव्हन २२० अंशांवर तापत ठेवा आणि तोवर भाज्या चिरा. ८०० ग्रॅम भाज्यांना दीड मोठा चमचा तेल आणि अर्धा चहाचा चमचा मीठ चोळून दोन ट्रेंत पसरा. एकाच ट्रेमध्ये गच्च भरल्या तर त्यांच्याच वाफेत शिजून लिबलिबीत होतात, तांबूस होतच नाहीत. २५ ते ३० मिनिटं पुरतात. ओव्हन नसेल तर रुंद तव्यावर मोठ्या आचेवर थोड्या थोड्या परता.

त्याच वेळी भात लावा. शिजलेला भात तासन्‌तास बाहेर ठेवायचा नाही. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात, कोमट भातात वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. पसरट ताटात पसरून तासाभरात फ्रीजमध्ये ठेवा आणि एक-दोन दिवसांत संपवा. शिजलेला राजमा फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहतो. २५० ग्रॅमचे शिजून साधारण ६०० ग्रॅम होतात, त्यातला अर्धा एका जेवणापुरता डब्यात भरून फ्रीझरमध्ये टाका.

मग आठवड्यातल्या त्या रात्री काम एवढंच उरतं : दोन मोठे चमचे तेलात एक मोठा कांदा आठ मिनिटं, लसूण अर्धा मिनिट, टिनमधले ४०० ग्रॅम टोमॅटो पाच मिनिटं, मग राजमा घालून दहा मिनिटं. शेजारी भात आणि भाजलेल्या भाज्या गरम होतात. पंचवीस मिनिटांत ताटं वाढून होतात, मागवलेलं अन्न बहुधा तेवढ्या वेळात दारातही येत नाही. दोन रात्री अंगवळणी पडल्या की तिसरी वाढवा. आणि बर्गरची एक रात्र ठरवूनच ठेवा, तारीख मुलांना सांगा. ठरवून खाल्लेला बर्गर काही मोडत नाही. तुम्हाला मागचा अपयश वाटला, कारण योजनेत त्याला जागाच नव्हती.

खरेदीला गेलात की लेबलची मागची बाजू बघा, पुढची नको. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. साखर पहिल्या जागी दिसू नये म्हणून ती कधी कधी तीन-चार नावांनी विभागलेली असते : डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप, माल्ट अर्क, फळांच्या रसाचा अर्क. सगळी साखरच. आकडे १०० ग्रॅममागचे पाहा, ‘एका सर्व्हिंग’चे नकोत, कारण सर्व्हिंग कितीही लहान धरता येतं. १०० ग्रॅममध्ये २२.५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर किंवा दीड ग्रॅमपेक्षा जास्त मीठ असेल तर तो पदार्थ रोजचा नव्हे. ब्रेडच्या यादीत पहिलं नाव अख्ख्या धान्याच्या पिठाचं हवं आणि १०० ग्रॅममागे निदान ६ ग्रॅम तंतू हवेत. नुसत्या तपकिरी रंगावर जाऊ नका, तो कॅरॅमलनेही येतो.

मुलांच्या पेयांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण बर्गरबरोबर ती येतच असणार. ३३० मिलिलिटरच्या कोलाच्या कॅनमध्ये सुमारे ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे जवळजवळ नऊ चहाचे चमचे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसासाठीसुद्धा दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या आत आणि जमल्यास २५ ग्रॅमच्या आत राहायला सांगते. फळांचा रस हा त्याला पर्याय नाही. तंतू गाळून टाकल्यावर त्यातली साखरही याच हिशेबात धरतात. एका पेल्याला तीन संत्री लागतात. तीन संत्री सोलून खायला कोणी बसत नाही, रस मात्र दोन मिनिटांत पिऊन होतो. मुलांची सवय मोडायची तर पहिल्या आठवड्यात पेयात पाव भाग पाणी किंवा सोडा मिसळा, दुसऱ्यात अर्धा, आणि महिन्याभरात बाटली घरात आणणंच बंद करा.

नवऱ्याच्या गोळ्यांचं मात्र सुरुवातीच्या आधी बघा. मधुमेहाची काही औषधं, विशेषतः इन्सुलिन आणि सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या, साखर बरीच खाली आणू शकतात. गोड पेयं बंद झाली आणि कडधान्यं वाढली की त्याच डोसवर साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. थरथर, घाम, गोंधळल्यासारखं वाटणं या त्याच्या खुणा आहेत. डॉक्टरांना आहार बदलत असल्याचं सांगा, डोस त्यांनाच ठरवू द्या आणि पहिले दोन आठवडे घरी साखर जरा जास्त वेळा मोजा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर कडधान्यं, बटाटे आणि ‘लो सोडियम’ मीठ यांतलं पोटॅशियम अडचणीचं ठरतं, तेही त्याच भेटीत विचारा. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर पालेभाज्या एकदम वाढवू किंवा कमी करू नका, त्यांतल्या के जीवनसत्त्वाने औषधाचा परिणाम बदलतो.

पहिल्या सुट्टीला सगळं नको, फक्त मसूर आणि एक ट्रे भाज्या करा. राजमा दुसऱ्या सुट्टीला. तो भिजवून, टोमॅटोशिवाय, १५ मिनिटांतही शिजला नाही तर पाणी कुठलं होतं आणि माल किती जुना होता ते लिहून पाठवा, दोष कुठे आहे ते त्यावरून सांगता येईल.